पीपीटीतली शेवटची ओळ

प्रेझेंटेशन स्किल्सचं कुठलंही ट्रेनिंग घ्या, चहाच्या सुट्टीआधी एक स्लाइड हमखास येते. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. मग हात कुठे ठेवायचे, नजर कुणावर ठेवायची, यात उरलेला दिवस जातो. हे आकडे आले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून. सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचे, चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, हे लोक कशावरून ओळखतात ते बघायचं, एवढाच तो मामला होता. भावना सोडून दुसऱ्या विषयावर बोलणं चाललं असेल तिथे हे गणित लावू नका, असं मेहराबियन यांनी स्वतः सांगून ठेवलंय. ऐकतंय कोण! शब्दांना ७ टक्केच किंमत असती तर कोटेशनवर रेट लिहायची गरजच नव्हती, सप्लायर समोर बसून गोड हसला की भागलं असतं.

मी व्हेंडर डेव्हलपमेंटमध्ये आहे, म्हणजे कंपनीला माल पुरवणारे सप्लायर शोधायचे आणि त्यांना तयार करायचं हे माझं काम. थोडक्यात, टेबलाच्या ऐकणाऱ्या बाजूला. तिथे बसून माझं जे मत झालंय ते असं की बोलता बहुतेकांना येतं. अगदी लाजराबुजरा इंजिनिअरसुद्धा स्वतःच्या मशीनबद्दल झकास बोलतो. घोडं अडतं ते आधी काय सांगायचं आणि मोठ्या अक्षरात काय लिहायचं इथे. आणि जी गोष्ट ऐकून समोरच्याचा चेहरा पडेल, ती हमखास शेवटी आणि बारीक अक्षरात जाते.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात भयंकर उदाहरण नासाच्या कोलंबिया अवकाशयानाचं. १६ जानेवारी २००३ ला यान उडालं आणि साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना इंजिनिअरांच्या गटाने नासाच्या अधिकाऱ्यांपुढे प्रेझेंटेशन दिलं. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक साधारण असं होतं की चाचण्यांची माहिती तपासली असता अंदाज सुरक्षित बाजूचे दिसतात. वाचणाऱ्याला हायसं वाटणार. खाली मुद्दे, मुद्द्यांच्या पोटात उपमुद्दे, त्यांच्याही पोटात आणखी. आणि अगदी तळाला, बारीक टायपात, खरी गोष्ट: चाचणीत वापरलेला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि प्रत्यक्ष आदळला तो १९२० घनइंचांचा असावा.

६४० पट! म्हणजे वरचं शीर्षक ज्या चाचण्यांच्या जोरावर दिलंय, त्या या प्रसंगाला लागूच होत नाहीत. ती ओळ शीर्षकात असती तर? काय झालं असतं ते मी छातीठोक सांगणार नाही. यान पडलं ते पंखाला भोक पडलं म्हणून, स्लाइडमुळे नाही. पण 'आपल्याकडे या आकाराच्या तुकड्याची एकही चाचणी नाही' असं वाक्य पहिलं आलं असतं, तर त्या खोलीत निदान प्रश्न तरी वेगळे विचारले गेले असते. १ फेब्रुवारीला परतताना यानाचे तुकडे झाले. कल्पना चावलासह सातही जण गेले. माहितीच्या मांडणीचे तज्ज्ञ प्राध्यापक एडवर्ड टफ्टी यांनी ही स्लाइड ओळन् ओळ सोलून दाखवली आणि चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात ते विश्लेषण घेतलं. तांत्रिक अहवालांच्या जागी पीपीटी वापरायच्या नासाच्या सवयीवरही मंडळाने बोट ठेवलं.

आता आपल्याकडे या. सप्लायर रेट वाढवून मागायला येतो. पहिल्या स्लाइडवर कंपनीच्या गेटचा फोटो. मग व्हिजन, मिशन, आयएटीएफचं (वाहन उद्योगातल्या क्वालिटीचं) सर्टिफिकेट, मशीनची यादी, मागच्या वर्षीच्या दसऱ्याची पूजा (खरंच असते, आणि छान असते). एव्हाना आमचे साहेब फोन बघायला लागलेले असतात. शेवटून दुसऱ्या स्लाइडवर तळाला: 'टूलिंग कॉस्ट कस्टमरकडे', म्हणजे डायचा, साच्याचा खर्च आम्ही करायचा. अहो, तुम्ही आलात याचसाठी ना? मग बसल्या बसल्या सांगा ना, 'साहेब, पीसमागे दोन रुपये वाढवून हवेत आणि डाय तुमच्या खर्चाने हवी. का, ते दहा मिनिटांत दाखवतो.' साहेब नाक मुरडतील, पण फोन खाली ठेवतील. नंतरच्या प्रत्येक स्लाइडकडे ते 'हे दोन रुपये पटतात का' याच नजरेने बघतील, आणि तुम्हाला तेच तर हवंय.

माझ्या पाहण्यातले सगळ्यात चांगले प्रेझेंटर शॉपफ्लोअरवरचे आहेत. कायझेनच्या (कामातल्या छोट्या छोट्या सुधारणांच्या) आणि क्वालिटी सर्कलच्या (दर्जा सुधारणाऱ्या कामगार-गटांच्या) स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते तेव्हाचा अनुभव. स्टेजवरचा भाग तसा कंटाळवाणाच असतो. माइक हातोहात फिरतो, पाठ केलेली इंग्रजाळलेली वाक्यं एका सुरात येतात, मधेच घोषणा. मॅनेजरने लिहून दिलेलं असतं, ते लगेच कळतं. पण परीक्षकाने प्रश्न विचारला की माणूस बदलतो. एका ऑपरेटरला मी विचारलं, रिजेक्शन कमी झालं ते नक्की कशाने? त्याने माइक शेजारच्याकडे दिला, खिशातून दोन बुश (धातूच्या छोट्या नळ्या) काढले आणि खाली उतरून माझ्याजवळ आला. 'मॅडम, याच्या कडेवरून अंगठा फिरवा. जपून हां. ही बर, कापताना कडेला राहिलेली धार. आता हा दुसरा बघा. आधी पीस असा धरायचो, आता फिक्स्चरमध्ये, म्हणजे पीस पकडणाऱ्या साच्यात, असा बसतो, म्हणून टूल इकडून बाहेर पडतं.' माझा अंगठा त्या कडेवरून गेला आणि मला ग्राफची गरज उरली नाही. देहबोली म्हणाल तर बिचारा जरा वाकूनच उभा होता.

त्याला मराठीत बोलू दिलं होतं, हेही महत्त्वाचं. समोर बसलेले सगळे मराठी, बोलणारा मराठी, आणि स्लाइड वाचायची इंग्रजीत, हा हट्ट कुणासाठी चालतो मला कळत नाही. चेन्नईहून किंवा जर्मनीहून कुणी आलं असेल तर जरूर इंग्रजी. नाहीतर आकडे स्क्रीनवर, बोलणं आपल्या भाषेत.

अॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरच्या मीटिंगांतून पॉवरपॉइंट बंदच केलं. सहा पानी टिपण लिहायचं आणि मीटिंगच्या सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून वाचायचं. आपल्याकडे सहा पानं वाचायला कोण बसणार! टोयोटाची ए३ ची पद्धत त्यापेक्षा झेपणारी आहे. प्रश्न, कारण, उपाय, खर्च, तारखा, सगळं एका ए३ कागदावर. बसत नसेल तर तुमचंच अजून ठरलेलं नाही असं समजा. आणि कागद टेबलावर असला की माणसं पेन काढून त्यावर लिहायला लागतात, भांडायला लागतात. स्क्रीनवरच्या स्लाइडवर कोण पेन चालवणार?

कुणी अडचणीचा प्रश्न विचारला आणि उत्तर माहीत नसलं तर 'संध्याकाळी चारपर्यंत कळवतो' म्हणा आणि खरंच कळवा. मी त्या सप्लायरचं नाव वहीत वेगळं लिहून ठेवते.

ट्रेनिंगवाल्या मित्रांनो, चिडला असाल तर कमेंटमध्ये या. आणि आमच्याकडे येणाऱ्या सप्लायरांनो, प्रिंट सोबत असू द्या. एचडीएमआयची केबल तर स्वतःचीच आणा. आमच्या कॉन्फरन्स रूममधली नुसती दिसायला आहे.