रुमाल सोडला, पण यादी कुठाय?

2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीनंतर कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्या. शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत कुणबी नोंदी शोधल्या. कचेऱ्यांतली जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं, म्हणजे आपली कोतवाल बुकं, बाहेर निघाली, स्कॅन झाली, नेटवर चढली. आरक्षणाचा वाद इथे नको, कमेंटमध्येही नको. मला बोलायचंय ते त्या स्कॅनबद्दल.

परवा आप्पांचा फोन. "पोरी, साईट नवीन केलीय म्हणे. पणजोबांची नोंद काढ की."

बसले. जुनी लिंक गेलेली. नव्या साईटवर तालुका निवडला, गाव निवडलं, तर समोर फायलींची रांग: स्कॅन 1, स्कॅन 2, स्कॅन 3. साल नाही, निम्मी पानं आडवी, मध्येच शेजारच्या गावाचं रजिस्टर. वर शोधायची छान चौकट. आडनाव टाकलं, 'माहिती उपलब्ध नाही'. कशी असणार? रजिस्टरात 'अमका बिन तमका' (तमक्याचा मुलगा अमका) एवढंच, आडनाव नाही, जातीच्या रकान्यात कुणबीसाठी नुसतं 'कु.' आणि सगळं जुन्या मोडी लिपीत. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. लॉकडाऊनमध्ये मोडीचा वर्ग केला होता म्हणून निभावलं, तरी तीन संध्याकाळी गेल्या. ज्याला मोडी येत नाही त्याने काय करायचं?

पुण्याच्या पेशवे दफ्तरातले, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे, कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले. इतिहासकार रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडून 45 खंड छापले, तेव्हा कुठे ते पुण्याबाहेरच्या माणसाला वाचता आले. आपण रुमाल सोडून कागद उन्हात पसरले आणि म्हणालो, घ्या, खुलं केलं! त्या शोधमोहिमेत मोडी वाचक बसवलेच होते ना? मग त्यांनी वाचलेली नावं फाईलशेजारी का नाहीत? फार नको. गाव, साल, पान, नाव. चार रकाने. रंगीत बॅनर नंतर लावा.

पणजोबा सापडले. त्यांच्या वरच्याच ओळीत, त्याच बापाच्या नावावर: मुलगी, वय 8 दिवस, ताप, नाव ठेवले नाही.

आप्पांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आमच्या आज्याला बहीण होती? कधी कुणी सांगितलं नाही गं." आणि फोन ठेवता ठेवता, "त्या पानाच्या दोन प्रिंट काढ. एक मला."