‘नुसते प्रश्नच तर विचारायचे आहेत’

पीएचडीच्या मुलांमध्ये एक मेसेज फिरतो आहे: ‘एथिक्स कमिटी औषधांच्या चाचण्यांसाठी असते. आपण नुसते प्रश्न विचारतो. संमतीपत्रावर सही घेतली की झालं. कमिटीत आपलेच सर-मॅडम, ते काय अडवणार? उगाच सहा महिने वाया.’ संशोधनात सहभागी होणाऱ्या माणसांना इजा होऊ नये म्हणून प्रस्ताव तपासणाऱ्या अशाच एका समितीत मी बाहेरची सामान्य नागरिक म्हणून बसते, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ‘नुसते प्रश्न’. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्याशी निगडित सामाजिक संशोधनही येतं, आणि ते योग्यच आहे. सासू आतल्या खोलीत, दार उघडं, आणि तुम्ही सुनेला विचारताय, ‘नवऱ्याने शेवटचं कधी मारलं?’ तुम्ही उठून गेल्यावर त्या घरात काय होईल? जागतिक आरोग्य संघटनेने २००१ सालीच सांगून ठेवलं आहे की अशी मुलाखत एकांतात घ्यावी, आणि एका घरातल्या एकाच बाईची. आम्हीही तेच विचारतो. मध्येच कुणी आलं तर काय कराल? ती रडायला लागली तर कुठे पाठवाल? नावांची यादी कुणाच्या लॅपटॉपमध्ये राहणार?

‘सही घेतली की झालं’ हे वाचून मला खम्मम आठवतं. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या या जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूविरुद्धची, लस दिली गेली. तोही प्रकल्प ‘ही औषधाची चाचणी नव्हेच’ असं म्हणत चालला होता. नंतर आंध्रातली ९,५४३ संमतीपत्रं तपासली, तर २,७६३वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या! लस वाईट होती असं मी म्हणत नाही. पण त्या लेकींचे आईबाप गावी होते आणि कागद मात्र पूर्ण होता. २०१३ साली संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले.

त्या प्रकल्पालाही नैतिक समित्यांची मंजुरी होतीच, असं कुणी म्हणेल. खरं आहे, आणि ते मला लागतं. एकदा मंजुरी देऊन पुढे ढुंकूनही न पाहणारी समिती कुचकामीच. काम चालू असताना अहवाल मागवणं, गरज पडल्यास प्रत्यक्ष जाऊन पाहणं हे समितीचं कामच आहे.

‘आपलेच सर’? अध्यक्ष संस्थेबाहेरचाच लागतो, शक्यतो निम्मे सदस्यही बाहेरचे. ज्याचा प्रस्ताव असेल त्याने निर्णयाच्या वेळी उठून जायचं.

सहा महिन्यांचं म्हणाल, तर अगदी कमी जोखमीच्या अभ्यासाला पूर्ण बैठकीची गरजच नसते. त्याला सूट किंवा जलद तपासणीची सोय आहे. आमच्याकडे प्रस्ताव परत जातात ते बहुतेक संमतीपत्राच्या भाषेमुळे. ‘गोपनीयतेचे जतन करण्यात येईल’ असं लिहू नका. ‘तुमचं नाव कुणाला सांगणार नाही. मध्येच नको वाटलं तर थांबा, तुमचं रेशन किंवा दवाखाना बंद होणार नाही,’ असं लिहा.