रोगाचं नाव कळायच्या आधी औषध का देतात: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया कडक आहे आणि ती कडक का आहे हे वाचताना कळतं. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचे वडील 66 वर्षांचे, मधुमेही, भांडुपला राहतात. जुलैच्या पावसात त्यांना तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी सकाळी ते असंबद्ध बडबडायला लागले. फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, तुम्ही रिक्षात घालून हॉस्पिटल गाठलंत. तिथे काय झालंय हे कुणी सांगेना, पण सलाईन, ऑक्सिजन, अँटिबायोटिक, ईसीजी सगळं एकदम सुरू झालं. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातल्या जंतूंमुळे होणारा पावसाळी आजार) पहिली टेस्ट निगेटिव्ह आली, चार दिवसांनी केलेली पॉझिटिव्ह. वडील बरे होऊन घरी आले. तुमचा प्रश्न असा: "रोग माहीत नसताना दिलेलं औषध म्हणजे अंधारात मारलेला तीर. लागला म्हणून वाचले. तुम्ही मात्र इमर्जन्सीवाल्यांचीच बाजू घेता."

हो, या मुद्द्यावर मी त्यांची बाजू घेतो. दुसऱ्या एका मुद्द्यावर तुमची घेतो, त्याकडे येतोच.

तुम्ही स्वतःच लिहिलंय: वरचं बीपी 80, हातपाय बर्फासारखे गार, रात्रीपासून लघवी नाही, बोलणं भरकटलेलं. हे चारही एकत्र दिसले की आमच्या भाषेत पेशंट शॉकमध्ये आहे. म्हणजे रक्त अवयवांपर्यंत पुरेसं पोचत नाहीये. शरीर आधी त्वचेचा पुरवठा तोडतं, म्हणून हातपाय गार पडतात. मग किडनी, म्हणून लघवी थांबते. मेंदूला कमी पडायला लागलं की माणूस बरळतो. हे ओळखायला मशीन लागत नाही. बोटाचं टोक दाबून धरायचं आणि सोडायचं. पांढरी पडलेली जागा दोन-तीन सेकंदांत पुन्हा लालसर व्हायला हवी. शॉकमधल्या माणसाची ती पाच-सहा सेकंद तशीच फिकट राहते. पांघरूण बाजूला केलं तर कधी गुडघ्यांवर निळसर जांभळी जाळी दिसते. ही जाळी दिसली की अनुभवी सिस्टर डॉक्टरांनी सांगायची वाट बघत नाही, दुसऱ्या हातालाही सुई लावायची तयारी करते.

अशा माणसासमोर पहिला प्रश्न 'याला कोणता आजार आहे' हा नसतो. 'पुढच्या अर्ध्या तासात याचा जीव कशाने जाऊ शकतो' हा असतो. म्हणून तपासण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो जगभर एकच आहे. आधी श्वासाचा मार्ग मोकळा आहे का, मग श्वास पुरेसा आहे का, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध आणि शुगर, मग कपडे काढून अंग डोक्यापासून पायापर्यंत बघणं. यात जिथे बिघाड सापडेल तिथे तो तेव्हाच दुरुस्त करायचा आणि मगच पुढे जायचं. तुम्हाला 'सगळं एकदम सुरू केलं' असं वाटलं ते यामुळे. पलंगाभोवती तीन-चार माणसं असतील तर ही कामं खरंच एकाच वेळी चालतात.

आता अँटिबायोटिक. मुंबईत जुलै महिन्यात ताप आणि शॉक घेऊन मधुमेही माणूस आला तर संशयितांची यादी तशी छोटी आहे: लेप्टो, डेंग्यू, मलेरिया, किंवा लघवीचं अथवा फुप्फुसाचं इन्फेक्शन रक्तात पसरलेलं. यातलं नेमकं कोणतं हे सांगणारे रिपोर्ट सावकाश येतात. ब्लड कल्चरमध्ये जंतू वाढायला एक-दोन दिवस सहज जातात. लेप्टोच्या नेहमीच्या टेस्टमध्ये जंतू शोधत नाहीत, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधतात, आणि त्या तयार व्हायला आजाराचे पाच-सात दिवस जावे लागतात. तुमच्या वडिलांची चौथ्या दिवशीची टेस्ट निगेटिव्ह येणं आणि आठव्या दिवशीची पॉझिटिव्ह येणं यात लॅबचा गोंधळ काहीच नाही. लेप्टो असाच वागतो. उलट पहिल्या निगेटिव्ह रिपोर्टवर विश्वास ठेवून कुणी अँटिबायोटिक बंद केलं असतं तर मी तुमच्या बाजूने भांडलो असतो.

इन्फेक्शनमुळे शॉक आला असेल तर अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासात गेलं पाहिजे, असं सेप्सिसच्या, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागण्याच्या, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. आधी कल्चरसाठी रक्त काढायचं, पण त्यासाठी डोस अडवून धरायचा नाही. डिस्चार्ज कार्डावर सेफट्रायाक्सोन लिहिलंय म्हणता. ते लेप्टोवर चालतं, लघवीच्या आणि फुप्फुसाच्या बऱ्याच इन्फेक्शनवरही चालतं. यादीतल्या निम्म्याहून अधिक शक्यता एका इंजेक्शनने झाकल्या गेल्या. डेंग्यू असता तर त्याचा उपयोग झाला नसता, पण नुकसानही फारसं नव्हतं. शक्यता मोजून घेतलेला हा निर्णय आहे, ताई. याला अंधारातला तीर म्हणणं अन्यायाचं होईल.

सलाईनबद्दल तुम्ही लिहिलंय की "बाटल्यांवर बाटल्या चढवल्या, मग अचानक थांबवल्या, म्हणजे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं." हे मला सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण इमर्जन्सीतलं सगळ्यात नाजूक काम इथेच असतं. सेप्सिसच्या शॉकमध्ये पहिल्या तीन तासांत साधारण किलोमागे 30 मिली सलाईन द्यावं असा हिशेब आहे. 60 किलोच्या माणसाला जवळजवळ 1800 मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या साडेतीन बाटल्या. पण हा आकडा डोळे मिटून पाळायचा नसतो. लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हा रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरत असतं आणि जास्तीचं सलाईन छातीत साठतं. वय झालेलं हृदयही किती ओझं घेईल सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक बाटलीनंतर पुन्हा पेशंटकडे जायचं. बीपी चढलं का, हात कोमट झाले का, लघवीच्या पिशवीत काही उतरलं का, आणि छातीच्या खालच्या भागात स्टेथोस्कोप लावल्यावर बारीक करकर ऐकू येते का. करकर आली की सलाईन थांबवायचं आणि बीपी वाढवणारं नॉरअॅड्रेनलीन हे औषध सुरू करायचं. तुम्ही वर्णन केलेली 'मशीनमधून थेंब थेंब जाणारी सिरिंज' बहुधा तीच. ज्याने वेळेवर सलाईन थांबवलं तो डॉक्टर शुद्धीवर होता आणि तुमच्या वडिलांच्या छातीला कान लावून होता, एवढं मी खात्रीने म्हणेन.

"तापाच्या पेशंटला ईसीजी कशाला, बिल वाढवायला?" मधुमेहात हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. गळून जाणं, घाम, बरळणं एवढंच दिसतं. शिवाय किडनी बंद पडत असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याची खूण लॅबच्या रिपोर्टआधी ईसीजीच्या पट्टीवर उमटू शकते. बोटाला टोचून शुगर बघणं तर मी कधीच सोडणार नाही. रेल्वे स्टेशनवरून हमालांनी उचलून आणलेला एक भाजीवाला आठवतो. सगळे सांगत होते, दारू प्यायलाय. उजवा हात हलत नव्हता, तोंड वाकडं, लकव्यासारखंच चित्र. शुगर निघाली 32. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि बाटली संपायच्या आत तो उठून टोपलीची चौकशी करायला लागला. सकाळी इन्सुलिन घेऊन न खाता बाजाराला गेला होता. ती एक टोचणी झाली नसती तर तो सिटी स्कॅनच्या रांगेत पडून राहिला असता आणि मेंदूचं कायमचं नुकसान झालं असतं.

तुमच्यानंतर स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या माणसाकडे डॉक्टर मध्येच का गेले, हेही विचारलंय. त्याच्या छातीत दुखत होतं असं तुम्हीच म्हणता. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत काढून वाचायचा, हा नियम आहे. मोठा अटॅक असेल तर पुढची अँजिओप्लास्टी दीड तासात व्हायला हवी, म्हणून कॅथलॅबला (जिथे अँजिओप्लास्टी करतात ती खोली) फोन तिथूनच जातो. तोवर तुमच्या वडिलांचं सलाईन चालू होतं. ओरडणारा, चालणारा, शेवटी आलेला, यावरून क्रम ठरत नाही.

आता तुमच्या बाजूने. तुम्ही लिहिलंय की शनिवारी वडील गुडघाभर पाण्यातून चालत घरी आले होते, पायाला जखम होती, पोटऱ्या दुखताहेत म्हणून ते दोन दिवस सांगत होते, आणि "हे आम्हाला तिसऱ्या दिवशी आयसीयूत पहिल्यांदा कुणी विचारलं." हे चूकच आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिमी पाऊस पडला आणि पुढच्या आठवड्यांत या शहराने लेप्टोची साथ पाहिली. त्यानंतर मुंबईतल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत पावसाळी तापाच्या पेशंटला 'पाण्यातून चाललात का' हे विचारायचं राहून जाणं मला मान्य नाही. सुई लावताना, बीपीचा पट्टा बांधताना, नातेवाइकांकडे मान वळवून विचारता येतो हा प्रश्न. वडील वाचले ते औषध वेळेत पडलं म्हणून, पण या एका उत्तराने संशयितांच्या यादीत लेप्टो पहिल्या तासातच सगळ्यात वर गेला असता. घाई ही हकीकत न विचारण्याची सबब होऊ शकत नाही.

दुसरं, तीन तास तुमच्याशी कुणी बोललं नाही. 'अजून नाव माहीत नाही, पण बीपी धोकादायक आहे, इन्फेक्शन धरून उपचार सुरू केलेत, तासाभराने पुन्हा सांगतो' एवढं बोलायला अर्धा मिनिट लागतो. तो द्यायलाच हवा होता. आणि डिपॉझिट भरल्याशिवाय आयसीयूत हलवणार नाही, असं काउंटरवरून सांगितलं गेलं असेल तर ते गैर आहे. जीव धोक्यात असलेल्या माणसावर उपचार करणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलंय. लेखी तक्रार करा. मी मजकूर बघून देईन.

'जुने डॉक्टर नाडीवर हात ठेवून सांगायचे' हे तुमचं वाक्य मला आवडलं, कारण तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी तेच केलं. चिठ्ठीत रोगाचं नाव त्यांनीही लिहिलेलं नाही. 'ताप 3 दिवस, नाडी 130, बीपी कमी, लघवी नाही, ताबडतोब दाखल करा' एवढंच आहे. त्या क्षणी जे महत्त्वाचं होतं ते सगळं त्या ओळीत आहे.

शेवटचा तुमचा प्रश्न, आता पुढे काय. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम डिस्चार्ज कार्डावरच्या तारखेला न चुकता तपासून घ्या. किडनी पूर्ण सावरल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशी गोळी देऊ नका. मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस किडनीच्या रिपोर्टप्रमाणे बदलावा लागू शकतो, तेव्हा जुन्याच चालू ठेवल्या असतील तर याच आठवड्यात विचारून घ्या. आणि पुन्हा साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर ताप यायची वाट न बघता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पालिकेच्या दवाखान्यात जा. लेप्टो टाळण्यासाठीचं डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक कुणाला आणि किती द्यायचं ते तिथे ठरवून देतात. दोन्ही लेप्टो रिपोर्टचे फोटो, नाव झाकून, मला पाठवलेत तर तारखा जुळवून बघतो.