२५२० ही ‘एकमेव’ संख्या नव्हे

राष्ट्रीय गणित दिन, म्हणजे २२ डिसेंबर, जवळ आला की सांगलीतल्या पालक-शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश हमखास येतो. १ ते १० पैकी प्रत्येक संख्येने निःशेष भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या आहे, जगभरच्या गणितज्ञांना ती सापडत नव्हती, अखेर रामानुजन यांनी ती शोधली, आणि आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकार हे तिचे गुपित आहे, असे त्यात म्हटलेले असते.

‘एकमेव’ हा दावा क्षणभरही टिकत नाही. २५२० ची दुप्पट ५०४०, तिप्पट ७५६०. अशा प्रत्येक पटीला त्या दहाही संख्यांनी भाग जातो, आणि पटींना अंत नाही. २५२० त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० यांचा लसावि, एवढेच.

ती ‘सापडत नव्हती’ असे म्हणणाऱ्याने शिष्यवृत्तीच्या तयारीला बसलेल्या मुलाची वही उघडून पाहावी. दहापर्यंतच्या संख्यांत २ हा अवयव सर्वाधिक वेळा ८ मध्ये येतो, ३ हा ९ मध्ये, तर ५ आणि ७ एकेकदाच लागतात; म्हणून ८ × ९ × ५ × ७ = २५२०, आणि कच्चे काम एका ओळीत संपते. याच रीतीने १ ते २० यांचा लसावि २३,२७,९२,५६० निघतो. लसावि काढण्याची पद्धत युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सिद्धतेसह मांडून ठेवली होती.

७ × ३० × १२ हा गुणाकार मात्र बरोबर आहे. ३० आणि १२ मिळून तीन वेळा २, दोन वेळा ३ आणि एकदा ५ पुरवतात, उरलेला ७ आठवड्याकडून येतो. यात गूढ काही नाही. शिवाय सगळे महिने ३० दिवसांचे नसतात, आणि आपल्या पंचांगातल्या चांद्रमासात तिथी ३० असल्या तरी दिवस साधारण साडेएकोणतीसच भरतात. ३६० ला पुन्हा ७ ने गुणून नेमके काय मोजले, हेही संदेश सांगत नाही.

रामानुजन यांना ओढून आणण्याचे तर कारणच नव्हते, कारण त्यांचे याच विषयातले खरे काम कितीतरी खोल आहे. स्वतःहून लहान असलेल्या कोणत्याही संख्येपेक्षा अधिक विभाजक असणाऱ्या संख्यांवर त्यांनी १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. २५२० ही अशी एक संख्या आहे: तिचे विभाजक ४८, आणि तिच्याहून लहान संख्येला ४० पेक्षा जास्त विभाजक नाहीत. त्यांची यादी मात्र ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते, जिचे विभाजक १०,०८० आहेत. इतक्या लांबच्या यादीतून त्यांच्याकडून २,९३,३१,८६,२५,६०० ही एक संख्या राहून गेली होती, हे पुढे लक्षात आले. यादीतल्या त्या शेवटच्या संख्येला २३ ने भागले की नेमकी हीच संख्या मिळते. ज्याला संदेश पुढे ढकलायचाच असेल त्याने आधी हा भागाकार करून पाहावा.