रिइश्यू अ‍ॅम्पचा कर्कशपणा कपॅसिटरच्या ब्रँडमधून येत नाही

गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक दावा सतत फिरतो. फेंडरचा ‘६५ डिलक्स रिव्हर्ब’ रिइश्यू (जुन्या गिटार-अ‍ॅम्पची नव्याने काढलेली आवृत्ती) टोकदार वाजतो, कारण आत छापील सर्किट बोर्ड आणि स्वस्तातले कपॅसिटर आहेत. म्हणून सगळे कपॅसिटर बदला, जुन्या साठ्यातल्या ट्यूब (सिग्नल वाढवणाऱ्या निर्वात नळ्या) लावा, बायस (ट्यूबमधून सतत वाहणारा प्रवाह) वाढवा, की साठच्या दशकातला उबदार आवाज हाती येतो. या सल्ल्यापायी लोक हजारो रुपये घालवतात आणि आवाज तसाच टोचत राहतो, याचा मला मनापासून राग येतो.

आधी बोर्ड. रिइश्यू १९६३च्या ‘एबी७६३’ सर्किटवरच बेतलेला आहे. आवाजाचा रंग ठरतो तो रेझिस्टर-कपॅसिटरच्या मूल्यांवर. सिग्नल तांब्याच्या पट्टीवरून गेला की कापडी वेष्टणाच्या तारेतून, यावर नाही. बोर्डावर वारंवार सोल्डर केलं की पट्टी उचकटते, ही तक्रार मात्र रास्त आहे. पण ती दुरुस्तीची तक्रार झाली.

कपॅसिटरचं गणित कागदावर करून बघा. ०.०२२ मायक्रोफॅराडचा कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सिग्नल नेणारा) आणि पुढे १ मेगओहमचा रोध असेल, तर खालचा स्वर कापायला सुरुवात होते साधारण ७ हर्ट्झपाशी. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. त्याच मूल्याचा दहापट महाग कपॅसिटर लावला तरी हा आकडा हलत नाही. जुने कपॅसिटर तर बरेचदा डीसी (एकदिश वीज) झिरपू देतात आणि पुढच्या ट्यूबचा बायस बिघडवतात.

मग टोचतं काय? अ‍ॅम्पच्या दोन चॅनलपैकी व्हायब्रेटो चॅनलच्या व्हॉल्यूम पॉटवर (बटणामागच्या बदलत्या रोधावर) बसलेला ४७ पिकोफॅराडचा इवलासा ब्राइट कपॅसिटर. व्हॉल्यूम २-३ वर असताना पॉटचा जवळजवळ सगळा रोध सिग्नलच्या वाटेत असतो, आणि साधारण साडेतीन किलोहर्ट्झच्या वरचे स्वर या कपॅसिटरमधून त्याला वळसा घालून निघून जातात. व्हॉल्यूम चढवत न्याल तसा हा परिणाम ओसरतो. म्हणूनच स्टेजवर गोड वाजणारा अ‍ॅम्प घरी, शेजाऱ्यांचा विचार करून हळू वाजवताना बोचतो. पडताळणी फुकट आहे: गिटार नॉर्मल चॅनलमध्ये लावा. तिथे हा कपॅसिटर नाही. (रिव्हर्बही नाही, पण तुलनेपुरतं चालेल.) फरक पटला, तर त्याचा एक पाय सोडवला की काम झालं, हवं तेव्हा परत जोडताही येतो. मात्र प्लग काढल्यावरही वीजपुरवठ्यातल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. तो रेझिस्टरमधून उतरवून मल्टिमीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नका. सवय नसेल तर जाणकार मेकॅनिककडेच द्या.

दुसरा मोठा घटक स्पीकर, आणि या दाव्यात त्याचा उल्लेखसुद्धा नसतो! रिइश्यूत जेन्सन सी१२के हा १२ इंची स्पीकर येतो. वरचे स्वर मवाळ असलेला दुसरा ८ ओहमचा स्पीकर लावला, तर अख्खं कपॅसिटर-किट बदलून पडणार नाही एवढा फरक पडतो.

ट्यूबबाबत दावा अर्धा खरा आहे. नेहमीच्या १२एएक्स७ ट्यूबचा वर्धनांक (सिग्नल मोठा करण्याची क्षमता) १००, ५७५१ चा ७०. व्हायब्रेटो चॅनलच्या पहिल्या जागी ५७५१ लावली की आवाज उशिरा फाटतो. पण हा ट्यूबच्या प्रकाराचा गुण आहे, वयाचा नव्हे.

बायसचंही तसंच. तो फार थंड असेल तर आवाज खरखरतो, हे खरं. पण ६व्ही६जीटी या पॉवर ट्यूबची प्लेट-मर्यादा (ती सोसू शकेल ती शक्ती) सुमारे १४ वॅट. ४१५ व्होल्टला या मर्यादेच्या ७० टक्के धरले तर प्रत्येक ट्यूबला साधारण २३-२४ मिलिअँपियर येतात. त्याच्या फार पुढे गेलात तर ट्यूब लवकर मरतात.

आणि ‘सॅग’साठी (जोरात वाजवताना व्होल्टेज किंचित दबण्यासाठी) जीझेड३४ या रेक्टिफायर ट्यूबच्या (एसीची डीसी करणाऱ्या) जागी ५यू४जीबी लावायचा सल्ला कुणी दिला, तर आधी पॉवर ट्रान्सफॉर्मरची क्षमता तपासा. पहिलीचा हीटर १.९ अँपियर घेतो, दुसरीचा ३.