बाप लांब ठेवू नका

थोरलीच्या वेळी सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि बायको कराडला माहेरी गेली. मी पुण्यात. शनिवारी रात्रीची एसटी, रविवारी संध्याकाळी परत. सासूबाईंनी मायेने सगळं केलं: शेकशेगडी, डिंकाचे लाडू, बाळाची मालिश. माझ्या वाट्याला बाळ यायचं ते दोन मिनिटं, "मान सांभाळा हं" म्हणत. चौथ्या महिन्यात दोघी घरी आल्या तेव्हा लेक माझ्याकडे आली की रडायची. बायको तिला काढून घ्यायची. मग मी घेणंच सोडलं. ते वर्ष आमच्या दोघांत फार कोरडं गेलं.

बाळंतपणानंतर काही दिवसांतच बाईच्या शरीरातली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स धाडकन उतरतात. त्यात येणाऱ्या रडूला 'नाटकं' म्हणणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. पण बापाचंही शरीर बदलतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फिलिपिन्समधल्या सेबूच्या 624 तरुणांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. काही वर्षांच्या अंतराने दोनदा तपासलं, तर जे मधल्या काळात बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, इतरांपेक्षा बरंच जास्त उतरलेलं. रोज 3 तास किंवा जास्त वेळ मुलाचं करणाऱ्या बापांचं तर आणखी कमी.

यात मर्दानगी जाते असं वाटणाऱ्यांसाठी: 2017 च्या एका अमेरिकन अभ्यासात 27 जोडप्यांच्या लाळेचे नमुने गरोदरपणातच घेतले होते. ज्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन जास्त उतरलं आणि ज्यांचे चढउतार बायकोच्या टेस्टोस्टेरॉनच्या चढउतारांशी जुळले, ते बाळ झाल्यावर नात्यात जास्त गुंतलेले आणि समाधानी होते. 27 जोडपी म्हणजे थोडीच. पण मला त्यात माझं घर दिसलं.

धाकट्याचं बाळंतपण आमच्याच दोन खोल्यांत झालं. आई मदतीला होती, तरी रात्र माझी. अडीचला दूध पिऊन झालं की त्याला खांद्यावर टाकायचं, ढेकर काढायची, लंगोट बदलायचं. त्या वेळी अंधारात आम्ही दोघं हळू आवाजात जेवढं बोललो, तेवढं लग्नानंतर कधी बोललो नव्हतो.

माहेरपण बाईला हवंच, त्यावर माझा आक्षेप नाही. बापानेही तिथे जावं. नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी 2017 पासून 26 आठवड्यांची रजा आहे, केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला 15 दिवसांची; खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, दोघांवरही.

माझ्या मेव्हण्याकडे दिवाळीच्या सुमारास बाळ येईल. त्याला म्हटलंय, साठवलेली रजा टाक आणि सासुरवाडीला राहायला जा. तो संकोचतोय. त्याच्या सासूबाईंशी या रविवारी मीच बोलणार आहे.