खाट मांडली म्हणजे सोय झाली?

"कोविडमध्ये मुंबईची हॉस्पिटलं तुडुंब भरली होती हा नुसता बाऊ. खाटा रिकाम्या होत्या. गर्दी झालीच तर कोविडवाल्यांची, बाकीच्यांना काय फरक पडला? आणि स्टाफ पगार घेतच होता." आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा फिरतोय. गप्प बसवत नाही, म्हणून लिहितेय.

आधी खाटांचं. १६ एप्रिल २०२१ च्या रात्री पालिकेच्या सहा रुग्णालयांत ऑक्सिजन कमी पडला आणि १६८ रुग्णांना दुसरीकडे हलवावं लागलं. या सगळ्यांना खाट मिळालेली होती! ऑक्सिजन नव्हता. त्याआधी, मे २०२० मध्ये, महाराष्ट्राने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० नर्स मागितल्या होत्या. बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) मैदानात, गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात खाटा भराभर मांडता आल्या, पण व्हेंटिलेटरवरचा पेशंट सांभाळणारी सिस्टर घडायला वर्षं लागतात. आयसीयूत एका सिस्टरकडे एक, फार तर दोन पेशंट असावेत. चार-पाच झाले की कुणाचं सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढून काढणं, उशिरा होतं, कुणाची कूस बदलायची राहते, कुणाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, उतरलेलं वेळेवर कळत नाही. रिकाम्या खाटांच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. आणि दुसऱ्या लाटेत लोक फोनवर फोन करत होते ते आयसीयूसाठी. साधी खाट रिकामी असून त्यांना काय उपयोग?

बाकीच्यांना फरक पडला नाही म्हणता? देशात २०१९ मध्ये टीबीचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये सुमारे १८ लाख. टीबी एका वर्षात इतका ओसरत नाही. लोक दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत, आणि दहा बाय दहाच्या खोलीत घरच्यांच्या शेजारी खोकत राहिले.

आता पगार. माझी ताई पालिकेच्या रुग्णालयात सिस्टर आहे, राहते बदलापूरला. जून २०२० च्या मध्यापर्यंत लोकल बंद होती, ती बसने जायची. पीपीई किट (अंगभर झाकणारा संरक्षक पोशाख) चढवलं की सहा-सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, पाळी असली तरी नाही. घरी आल्यावर लेकाला दारातूनच बघायची. पण याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. तिला सलतं ते वेगळंच. "दोन खाटांवरचे अलार्म एकदम वाजायचे," ती सांगते, "आधी कुणाकडे धावायचं ते मीच ठरवायचे. मग ज्याच्याकडे उशिरा पोचले, त्याच्याच बायकोचा फोन यायचा, सिस्टर, ह्यांनी आज जेवण घेतलं का?"